अडीच टन घरी आणण्याआधी

मोठी, महागडी एसयूव्ही घ्यायचं ठरलं की घरात चर्चा रंगते ती रंगाची, सनरूफची आणि मागच्या सीटसमोरच्या स्क्रीनची. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे कर्ब वेट, टाकीत इंधन भरलेल्या पण माणसं न बसलेल्या गाडीचं वजन. मर्सिडीजची जीएलएस, रेंज रोव्हर, टोयोटाची लँड क्रूझर ३०० या गाड्यांत हा आकडा अडीच टनांच्या आसपास असतो. आपली वॅगन आर साडेआठशे किलोच्या घरातली. तीन वॅगन आर मिळून जेवढं वजन होईल, तेवढं इथे एकाच गाडीचं.

या गाड्यांबद्दल मला मुळीच राग नाही. रात्रभराच्या प्रवासात, खराब रस्त्यावर, मागे म्हातारी माणसं झोपलेली असताना जड गाडीचं जे स्थैर्य मिळतं, ते हलक्या गाडीत मिळत नाही. पण ज्यांनी सल्ला मागितला त्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, किमतीआधी वजन, लांबी, रुंदी आणि उंची वाचा. ब्रेक, टायर, पार्किंग, डिझेल, विमा, शेजाऱ्यांशी होणारे वाद, सगळं त्या चार आकड्यांतून निघतं.

टेप घेऊन खाली जा

सुरुवात पार्किंगपासून करू, कारण सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथेच होतो. राज्यातल्या बहुतेक नव्या सोसायट्यांत मोठ्या गाडीसाठी आखलेली जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. लँड क्रूझर ३०० ची लांबी ४.९८५ मीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर राखून ती बसते. लँड रोव्हरची डिफेंडर ११० मागच्या स्टेपनीसकट ५.०१८ मीटर भरते. जीएलएस ५.२०७ मीटर. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली रेंज रोव्हर ५.२५२ मीटर, म्हणजे ती भिंतीला टेकवून लावली तरी पाव मीटर बाहेर राहणार. हे पाव मीटर बहुतेक वेळा समोरच्याच्या वळणाच्या जागेत जातं. त्याची तक्रार येणार आणि ती रास्तच असणार.

रुंदीचा प्रश्न याहून अवघड आहे. आरसे मिटलेल्या रेंज रोव्हरची रुंदी २.०४७ मीटर. अडीच मीटरमधून उरले पंचेचाळीस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना वाटले तर बावीस-तेवीस. तेवढ्या फटीतून लहान मूल उतरेल, धडधाकट माणूस उतरणार नाही. शिवाय या गाड्यांची दारं लांब आणि जाड असतात, दार अर्धं उघडलं तरी मधे जाडीच बरीच असते. एका बाजूला खांब असेल तर ड्रायव्हरची बाजू मोकळी ठेवून दुसरी बाजू खांबाला चिकटवायची, आणि बाकी सगळ्यांना गेटजवळ आधी उतरवायचं. हे रोज करायची तयारी आहे का, हे घरातल्या सगळ्यांना विचारा.

मोजायचं कसं, तेही सांगतो. रविवारी सकाळी स्टीलचा टेप घेऊन खाली जा. आपल्या जागेची लांबी-रुंदी खांबाच्या आतून मोजा, पांढऱ्या पट्ट्यांवरून मोजू नका. मग गेटपासून जागेपर्यंत चालत जा आणि सगळ्यात अरुंद ठिकाणी टेप लावा. रेंज रोव्हर आरसे उघडे ठेवून २.२०९ मीटर होते. बेसमेंट असेल तर वर बघा. बीमची उंची बिल्डरने सांगितलेली असते, पण त्याखालून गेलेला फायर लाइनचा पाइप किंवा हवेचा डक्ट त्या मापात धरलेला नसतो. लँड क्रूझरची उंची १.९४५ मीटर आहे. त्यावर कॅरिअर आणि सामानाची पेटी चढवली की सव्वादोन मीटरच्या पुढे गेलीच.

यांत्रिक पार्किंग, म्हणजे गाड्या सरकवून किंवा एकावर एक चढवून ठेवणारं पझल किंवा स्टॅक असेल, तर खांबावरची प्लेट वाचल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नका. दोन हजार किलोच्या आसपासची मर्यादा त्या प्लेटवर सर्रास दिसते. अडीच टनांची गाडी तिथे चढवायची नाही, वॉचमन ‘होतंय साहेब, लावा’ म्हणाला तरीही. गाडी उभी राहते त्या पॅलेटची साखळी, मोटर आणि खालच्या मजल्यावरची दुसऱ्याची गाडी, तिन्ही धोक्यात येतात. अपघात झाला तर प्लेटवरची मर्यादा ओलांडल्याचा मुद्दा आधी तुमच्याच विरोधात जाईल.

यावर सोपा उपाय आहे. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या दारातल्या रुंद रस्त्यावर घेऊ नका. गाडी तुमच्या सोसायटीत मागवा, तुमच्या जागेत लावून बघा, सगळ्यांना बसवा-उतरवा. एवढ्या किमतीच्या गाडीसाठी विक्रेते आनंदाने येतात.

गावाकडच्या रस्त्यांचा हिशेबही इथेच करून टाकू. एकेरी डांबरी रस्त्याची मानक रुंदी ३.७५ मीटर आहे, कमी वर्दळीच्या ग्रामीण रस्त्यांची तीन मीटर. आरसे धरून सव्वादोन मीटरची गाडी समोरून येणाऱ्या एसटीला वाट देताना साइडपट्टीवर उतरणारच. पावसाळ्यात ती साइडपट्टी म्हणजे चिखल, आणि त्याखाली चर आहे की नाही हे दिसत नाही. गुहागर, दापोली, आजरा, चंदगड या बाजूला ज्यांचं महिन्याला जाणं आहे, त्यांनी जी गाडी घ्यायची आहे तीच एकदा भाड्याने किंवा मित्राकडून घेऊन त्या रस्त्याने न्यावी.

घाट उतरताना वजन कुठे जातं

जड गाडी लवकर थांबत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. ते तितकंसं खरं नाही. या गाड्यांना मोठ्या डिस्क, रुंद टायर आणि चांगली यंत्रणा असते, त्यामुळे एकदा जोरात ब्रेक मारला तर त्या लहान गाडीच्या बरोबरीने, कधी कधी तिच्याही आधी थांबतात. प्रश्न येतो तो सारखा ब्रेक मारत राहिल्यावर. ब्रेक गाडीची गती खातो आणि तिची उष्णता करतो. वजन जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त.

खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत बोरघाट साधारण ५०० मीटर उंची उतरतो. माणसं आणि सामान धरून गाडी २,८०० किलोची झाली, तर ही उंची उतरताना सुमारे १ कोटी ३७ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं ४६-४७ लिटर पाणी उकळीला येईल. ११०० किलोच्या भरलेल्या छोट्या गाडीत हाच आकडा अठरा लिटर. यातली थोडी ऊर्जा हवेच्या अडथळ्यात आणि टायरमध्ये जाते, बाकीची एक तर इंजिनाने अडवायची, नाही तर ब्रेकने.

म्हणून ऑटोमॅटिक गाडी असली तरी घाटात गिअर हाताने खाली घ्यायला शिका. स्टिअरिंगमागच्या पॅडल त्यासाठीच दिलेल्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो, लोक घाबरून पुन्हा ‘डी’ मध्ये टाकतात आणि पाय ब्रेकवर ठेवून घाट उतरतात. तळाशी पोहोचेपर्यंत जळका वास येतो, पेडल नरम लागतं. ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्यालाही हे शिकवा. आधी वीस वर्षं हलकी गाडी चालवलेल्या हाताला ही सवय नसते. ब्रेक पॅड आणि डिस्क लवकर झिजतात, हाही याचाच परिणाम. सर्व्हिसच्या अंदाजपत्रकात ‘पॅड आणि डिस्क, चारही’ अशी ओळ दिसली की बिल लाखाकडे सरकलं, असं समजा.

टायरवर लिहिलेलं वाचायला शिका

टायरच्या बाजूला २८५/४० आर २३ असं काही तरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी. दुसरा आकडा, टायरची बाजू त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. शेवटचा, रिमचा व्यास इंचांत. २८५ चे ४० टक्के म्हणजे ११४ मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढंच रबर. डिफेंडरला मिळणाऱ्या २५५/६० आर २० टायरमध्ये हेच अंतर १५३ मिलिमीटर भरतं.

खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा ही चार सेंटिमीटरची तफावत फार मोठी असते. पाऊण टन वजन एका चाकावर असतं. पातळ टायर खड्ड्याच्या कडेवर चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. सतत चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच नवा टायर टाकला तर चाकांच्या घेरात फरक पडतो, म्हणून कंपन्या जोडीने किंवा चारही बदलायला सांगतात. त्या मापाचा टायर पुण्या-मुंबईतही लगेच मिळेलच असं नाही, लातूर-परभणीत तर मागवावाच लागेल. शोरूममध्ये बावीस-तेवीस इंची चाकं देखणी दिसतात हे मला मान्य आहे. आपल्या रस्त्यांसाठी त्याच गाडीची सगळ्यात लहान रिम निवडा, असं माझं ठाम मत आहे. खरी स्टेपनी मिळते की नुसता पंप आणि चिकट द्रव, हेही विचारून घ्या.

आतल्यांची आणि बाहेरच्यांची सुरक्षा

‘मुलांसाठी मोठी गाडी घेतोय, सेफ असते’ हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. त्यातला हिशेब पूर्ण मांडायला हवा.

समजा २,५०० किलोची गाडी आणि ९०० किलोची गाडी, दोन्ही ताशी ५० किलोमीटरने येऊन समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या. धडकेनंतर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी २३-२४ किलोमीटरने सरकतील. जड गाडीतल्या माणसांच्या वेगात बदल झाला साधारण २६ चा. हलक्या गाडीतली माणसं ५० ने पुढे जात होती ती २३ ने मागे ढकलली गेली, म्हणजे ७३ चा बदल. इजा मुख्यतः या बदलावर आणि तो किती क्षणांत झाला यावर ठरते. तुमची मुलं वाचतात ती खरीच, पण त्या धक्क्याचा मोठा वाटा समोरच्या वॅगन आरमधल्या मुलांच्या अंगावर जातो. क्रॅश टेस्टचे तारे पाहतानाही हे लक्षात ठेवा, समोरासमोरच्या धडकेचे गुण साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच तुलना करण्याजोगे असतात.

पायी चालणाऱ्यांचं तर आणखी वाईट. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात आढळलं की ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून उंच नाकाच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. कारण सरळ आहे. बुटकी गाडी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट नाक थेट छातीवर किंवा डोक्यावर आदळतं. मूल असेल तर डोक्यावरच.

एक प्रयोग करून बघा. गाडी लावलेली असताना तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि घरातल्या मुलाला समोरच्या बंपरपासून हळूहळू लांब जायला सांगा. त्याचं डोकं पहिल्यांदा दिसलं की थांबवा आणि ते अंतर पावलांनी मोजा. सोसायटीच्या आवारात, जिथे मुलं सायकल फिरवतात, तिथे तेवढ्या पट्ट्यात तुम्हाला काहीही दिसत नाही. चारी बाजूंचे कॅमेरे ही या गाडीत चैन नाही, गरज आहे, आणि पावसाळ्यात त्यांच्यावरचा चिखल रोज पुसावा लागतो.

पाण्याबद्दलही थोडं. माहितीपत्रकात पाण्यातून जाण्याची खोली दिलेली असते. लँड क्रूझर ३०० ला ७०० मिलिमीटर, एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर टेकलेल्या डिफेंडरला ९००. ही खोली संथ पाण्यासाठी, माहितीतल्या तळासाठी आणि अगदी हळू वेगासाठी असते. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं आहे. अशा गाडीचा तळ नऊ चौरस मीटरच्या आसपास असतो. तळाच्या वर तीस सेंटिमीटर पाणी चढलं तर ती पावणेतीन टनांच्या आसपास पाणी बाजूला सारते. दारं घट्ट बंद होत असल्याने पाणी लगेच आत शिरत नाही, म्हणजे अडीच टनांची गाडी तरंगायला लागते आणि चाकांची पकड संपते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा स्पष्ट सांगते की दोन फूट वाहतं पाणी बहुतेक एसयूव्ही वाहून नेऊ शकतं. पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं, गाडी कोणतीही असो.

शहरातलं डिझेल

यातल्या बऱ्याच गाड्या डिझेलवर घेतल्या जातात, आणि इथे एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच नीट समजावली जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच जास्त इंधन जाळून तिथलं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालणं लागतं.

आता कोथरूडहून डेक्कन, ठाण्यात घरून शाळा, शाळेतून बाजार असा रोजचा वापर डोळ्यांसमोर आणा. काजळी जाळायचं काम सुरू होतं, गाडी बंद होते. पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद. जाळी भरत जाते, अर्धवट जळलेलं डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी गाडी ताकद कमी करून घेते. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास न्यायची सवय ठेवली तर हे टळतं. तसं जमणार नसेल, तर त्याच गाडीचं पेट्रोल किंवा हायब्रिड रूप घ्या. धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ नावाचं युरियाचं पाणीही वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते पूर्ण संपलं तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

इंधनाच्या खर्चाला मात्र लोक उगाच घाबरतात. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला आठ, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे १ लाख ३५ हजार रुपये. या गाडीच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे.

पैसा खरा कुठे जातो

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के होते. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के, पेट्रोलला १३. कंपनीच्या नावावर घेतली किंवा आयात केलेली असली तर २० टक्के. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाखांवर गेली. १ कोटी ४० लाखांची, इथेच जुळवलेली डिझेल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर रस्ता कर २१ लाख, कंपनीच्या नावावर २८ लाख. कंपनीला घसारा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीची आयकरात वजावट मिळते, पण अशा प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वळती, सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही. सीएला विचारल्याशिवाय कोणाच्या नावावर घ्यायची हे ठरवू नका. विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल करतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. अनेक जण तो विसरतात.

विम्यात गाडीचं मूल्य धरण्याचं कोष्टक असतं. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घट, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस, पाचव्या वर्षी पन्नास. बाजारातली किंमत कमी-जास्त असते, पण अंदाजाला हे कोष्टक पुरेसं आहे. १ कोटी ४० लाखांचे ७० लाख गेले, रस्ता कराचे २१ लाख परत येत नाहीत. पाच वर्षांत ९१ लाख. दिवसाला जवळपास पाच हजार रुपये, गाडी जागेवर उभी असली तरी. कच्चा हिशेब आहे, पण कर्जाचा हप्ता ठरवताना हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा.

त्यात धोरण बदलाचा धक्का वेगळा. २०२४ च्या मे महिन्यात रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात जुळवायला सुरुवात होत असल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि किमती १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या. त्याच्या महिनाभर आधी पूर्ण आयात केलेली गाडी घेतलेल्यांच्या गाडीचं पुनर्विक्री मूल्य एका दिवसात खाली आलं. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारातही ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. पूर्ण आयात गाडी पाहत असाल तर हे डोक्यात ठेवूनच पाहा.

विमा घेताना शून्य घसारा, इंजिन संरक्षण आणि टायर-रिमचं संरक्षण ही तीन जोड कलमं सोडू नका. शून्य घसारा नसेल तर रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि या गाडीचा पुढचा बंपर म्हणजे सेन्सर, रडार आणि कॅमेरे बसवलेलं प्लॅस्टिकच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

कोण बसणार, कोण उतरणार

गुडघे बदललेल्या माझ्या मावशीला अशा एका गाडीत बसताना मी पाहिलं आहे. दाराच्या वरचं हँडल तिच्या हाताला पुरेना, साडी एका हातात धरलेली, पायदान पावसाने ओलं. शेवटी मुलाने घरातला प्लॅस्टिकचा स्टूल आणला. तो स्टूल आता कायम डिकीत असतो. एअर सस्पेन्शनवाली गाडी उभी असताना थोडी खाली बसते, त्याने बराच फरक पडतो. आईवडिलांना घेऊनच गाडी बघायला जा आणि त्यांना किमान तीनदा चढ-उतार करायला लावा. पहिल्यांदा सगळेच उत्साहात चढतात.

तिसऱ्या रांगेत तुम्ही स्वतः अर्धा तास बसा. ती उघडली की डिकीत किती बॅगा राहतात ते बघा. आणि भरलेल्या गाडीचं परवानगी असलेलं कमाल वजन उणे कर्ब वेट, हा आकडा विचारा. सात मोठी माणसं म्हणजे पाचशे किलो झालेच. त्यावर सामान आणि कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या धरल्या की मर्यादा जवळ येते.

अशा गाड्या कोणाला शोभतात, असं विचाराल तर माझं उत्तर असं आहे. बारामती, सांगली, जळगावसारख्या ठिकाणी आवार असलेलं घर, महिन्याला दोन-तीन लांबचे प्रवास, सोबत पाच-सहा माणसं, आणि तासाभरात पोहोचता येईल असं अधिकृत सर्व्हिस सेंटर. अशांनी खुशाल घ्यावी. गिरगाव, दादर, सदाशिव पेठ इथे राहून रोज ऑफिसला जायचं असेल, तर साडेचार मीटरची, पावणेदोन टनांची गाडी तुम्हाला जास्त सुख देईल. शिल्लक राहिलेल्या पैशांत वर्षातून चार वेळा मोठी गाडी ड्रायव्हरसह भाड्याने घेता येते.

जुनी घेणार असाल तर

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या आलिशान एसयूव्ही मोठ्या संख्येने इकडे विकायला येतात. किंमत बघून डोळे दिपतात. खरेदीआधी तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद आणि महाराष्ट्रात पुन्हा पासिंग करताना भरावा लागणारा कर, या तिन्ही गोष्टी हातात घ्या. सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या सेंटरमधून चेसिस नंबरवर काढा, विक्रेत्याने दिलेल्या फाइलवर विसंबू नका. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी तिथे पकडली जाते.

एअर सस्पेन्शन असेल तर एक रात्र लागते. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, दारही उघडण्याआधी पुन्हा मोजा. चारही कोपरे सारखेच थोडे उतरले तर चालेल. एकच कोपरा दोन-तीन सेंटिमीटर खाली बसला असेल, तर तिथला हवेचा फुगा किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे आणि कॉम्प्रेसर तो भरून काढण्यासाठी जास्तीचं काम करत आला आहे. दोन्हीचा दुरुस्ती खर्च लेखी घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.